कोरड्या शहरातल्या उंच इमारती

गेल्या उन्हाळ्यात मामा-मामी आमच्याकडे महिनाभर राहून गेले. डेट्रॉइटला येणाऱ्या पाहुण्यांना काय दाखवायचं हा आम्हा इथल्या लोकांचा जुनाच प्रश्न. नायगारा पाच तास लांब, शिकागोही तितकंच. मग हेन्री फोर्ड म्युझियम होतं, देऊळ होतं, मॉल होतो, आणि चौथ्या दिवशी पाहुणे सोफ्यावर बसून 'अजून काय?' अशा नजरेने बघायला लागतात. मी त्यांना डाउनटाउनला नेतो. मला त्या जुन्या इमारतींचं वेड आहे आणि गेली काही वर्षं त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत असतो. ऐकणारा मिळाला की मी सोडत नाही. (बायको अशा वेळी मागच्या सीटवर झोपते.)

तर बुक टॉवर, बुल बिल्डिंग, पेनॉब्स्कॉट, गार्डियन अशी माझी नेहमीची यात्रा सुरू झाली. प्रत्येक ठिकाणी मी साल सांगत होतो. बुल १९२५, बुक टॉवर १९२६, पेनॉब्स्कॉट १९२८, गार्डियन १९२९. थोडं उत्तरेला गेलं की फिशर बिल्डिंग, तीही १९२८ची. मामा मान हलवत होते. मग मी सहज म्हणालो, "मामा, गंमत म्हणजे हे सगळं बांधलं तेव्हा इथे दारूबंदी होती."

मामा एकदम सावरून बसले. सांगायचं राहिलं, मामा जिल्ह्याच्या ठिकाणी एक्साइजच्या कचेरीत क्लार्क होते. सगळी नोकरी त्यांनी धाडीचे कागद तयार करण्यात घालवली.

"दारूबंदी? अमेरिकेत? परमिट कोण द्यायचं मग?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. आपल्याकडे १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला तो परमिट घेऊनच. अमुक वयाच्या माणसाला, तब्येतीसाठी, परदेशी पाहुण्याला. तो कायदा आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने अजूनही पुस्तकात आहे. बारच्या पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं ते त्याच्यामुळेच. कागदोपत्री पिणाऱ्याकडे परवाना हवा. अमेरिकेचं उलटं होतं. त्यांच्या घटनादुरुस्तीने दारू करणं, विकणं आणि वाहून नेणं बंद केलं, पिणं नाही. १७ जानेवारी १९२० पासून ती देशभर लागू झाली, आणि ज्याने आधीच तळघरात पेट्या भरून ठेवल्या होत्या त्याला घरी बसून प्यायला कुणाची हरकत नव्हती. म्हणजे तळघर असलेल्या माणसाची सोय कायद्यातच होती.

मिशिगन राज्य तर त्याच्याही आधी कोरडं झालं. १९१६ साली मतदान झालं आणि १ मे १९१८ पासून दारू बंद. दहा लाखांच्या घरातल्या शहरात दारू बंद करण्याचा प्रयोग अमेरिकेत असा प्रथमच होत होता. डेट्रॉइट तेव्हा वेड्यासारखं वाढत होतं. १९१०च्या जनगणनेत ४,६५,७६६ माणसं, १९२०मध्ये ९,९३,६७८, १९३०मध्ये १५,६८,६६२. मोटारींच्या कारखान्यात काम करायला पोलंडमधून, हंगेरीतून, अमेरिकेच्या दक्षिणेतून माणसांचे लोंढे येत होते. कारखानदारांना दारूबंदी हवीच होती. सोमवारी सकाळी असेंब्ली लाइनवर माणूस शुद्धीत पाहिजे हे त्यामागचं साधं कारण. हेन्री फोर्ड यात सगळ्यांत पुढे. देशात दारू परत आली तर आपण मोटारी बनवणं सोडून देऊ, असं त्यांनी १९२९ साली जाहीर केलं होतं. दारू परत आली. मोटारी बनतच राहिल्या.

दारूबंदीचा पहिला बळी गेला तो एका इमारतीचा. कॅडिलॅक स्क्वेअरपाशी १९०७ साली पाँचरट्रेन नावाचं हॉटेल बांधलेलं होतं. त्याच्या बारमध्ये मोटार धंद्यातली सगळी मंडळी संध्याकाळी जमायची. नव्या इंजिनाच्या गप्पा, भागीदाऱ्या, भांडणं, सगळं तिथेच. बार बंद झाला आणि १९२० साली हॉटेलच पाडलं. खोल्यांना स्वतंत्र न्हाणीघरं नव्हती वगैरे कारणंही होती, पण बारशिवाय त्या हॉटेलात राहिलं काय होतं? त्या जागी १९२२ साली फर्स्ट नॅशनल बँकेची इमारत झाली. ती अजून उभी आहे.

आता नदीकडे येऊ, कारण नदीशिवाय या गोष्टीला अर्थ नाही. डेट्रॉइटच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर कॅनडा दिसतो. काही ठिकाणी नदी मैलभरही रुंद नाही. पलीकडच्या काठावर विंडसर, आणि त्याला लागून वॉकरव्हिल, म्हणजे हायरम वॉकरचा 'कॅनेडियन क्लब' व्हिस्कीचा कारखाना. हा वॉकर मूळचा डेट्रॉइटचा धान्याचा व्यापारी. त्याने १८५८ साली नदीपलीकडे भट्टी काढली आणि राहायला मात्र बराच काळ अलीकडेच होता. त्याच्या कंपनीची कचेरी १८९०च्या दशकात बांधली गेली, फ्लोरेन्समधल्या एका जुन्या वाड्याच्या धर्तीवर. तिच्या आराखड्यावर काम करणारा तरुण आर्किटेक्ट होता अल्बर्ट कान. पुढे याच कानने फोर्डचे कारखाने बांधले, फर्स्ट नॅशनल बांधली, फिशर बिल्डिंग बांधली. दारूचा वाडा आणि दारूला शिव्या घालणाऱ्या फोर्डचा कारखाना, दोन्ही एकाच हाताखालून गेले. आर्किटेक्टला काय, गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातही तेव्हा दारूविक्री बंद होती, पण निर्यातीसाठी दारू गाळायला मुभा होती. निर्यात कुठे? अमेरिकेत दारूबंदी आहे हे कॅनडाच्या कस्टमला माहीत होतं, पण ती पाळायची जबाबदारी आपली नाही असं त्यांचं मत. तरी नावेवाले कागदावर 'क्यूबा' लिहायचे. वल्हवायची छोटी होडी, दहा-वीस पेट्या माल, निघाली क्यूबाला! आणि तोच होडीवाला त्याच दिवशी दुपारी परत आलेला, पुन्हा क्यूबाला निघायच्या तयारीत. हे ऐकून मामा इतके हसले की मामींनी पाण्याची बाटली पुढे केली. "कागद मात्र पुरा पाहिजे," ते म्हणाले. "बरोबर आहे त्यांचं."

हिवाळ्यात नदी गोठली की लोक सरळ मोटारी घालायचे बर्फावर. काही मोटारी तळाला गेल्या. अमेरिकेत चोरून येणाऱ्या दारूचा मोठा वाटा, काहींच्या अंदाजाने तीन चतुर्थांश, याच नदीवरून आला असं म्हणतात. मोटारींच्या खालोखाल शहरातला दुसऱ्या क्रमांकाचा धंदा हाच होता, असंही सर्रास लिहिलं जातं. चोरट्या धंद्याचे आकडे अंदाजाचेच असणार, पण नदी बघितली की ते खोटे वाटत नाहीत.

आणि अशा दिवसांत शहराने नदीवर काय बांधावं? पूल आणि बोगदा! अँबॅसॅडर पूल नोव्हेंबर १९२९ मध्ये उघडला. १८५० फुटांचा मधला गाळा, तेव्हा जगातला सर्वांत लांब. पुढच्या नोव्हेंबरात नदीखालून मोटारींचा बोगदा सुरू झाला. इंग्रजीत बोगदा म्हणजे टनेल आणि नरसाळं म्हणजे फनेल. लोकांनी लगेच 'डेट्रॉइट-विंडसर फनेल' असं नाव पाडलं. नरसाळ्यातून काय ओतलं जात होतं ते सांगायला नको.

या सगळ्या इमारतींत माझी सर्वांत लाडकी गार्डियन. चाळीस मजले, बाहेरून केशरी झाक असलेली वीट, आत शिरलं की रंगीत टाइल्सची उंच कमान. माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. वर्ट रोलंड या आर्किटेक्टने युनियन ट्रस्ट या कंपनीसाठी ती बांधली, आणि लोक तिला पैशाचं चर्चच म्हणायचे. बँकेच्या दालनात एका भिंतीवर मिशिगनचा भलामोठा नकाशा रंगवला आहे. शेती, खाणी, कारखाने, राज्यात जे जे होतं ते त्यात दाखवलेलं. मामांनी चष्मा नीट करून नकाशा वरपासून खालपर्यंत बघितला. "तो दुसऱ्या नंबरचा धंदा कुठं दिसत नाही," म्हणाले.

खरंच नव्हता. मी इतक्या वेळा ते चित्र बघितलं, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

ही इमारत उघडली १९२९ मध्ये, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला. फेब्रुवारी १९३३ मध्ये युनियन गार्डियन ट्रस्ट बुडायला आली. तिला वाचवायचं तर फोर्डने त्यात अडकलेल्या आपल्या ठेवीवर पाणी सोडायची तयारी दाखवायला हवी होती. फोर्ड नाही म्हणाले. १४ फेब्रुवारीला गव्हर्नर कॉमस्टॉक यांनी राज्यातल्या सगळ्या बँका बंद ठेवायचा हुकूम काढला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १० एप्रिल १९३३ रोजी, दारूबंदी उठवणाऱ्या घटनादुरुस्तीला मंजुरी देणारं पहिलं राज्य ठरलं मिशिगन. तिजोरीत खडखडाट झाला की तत्त्वं जरा सैल होतात. उठवण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मोठा मुद्दा कराचाच होता.

बुक-कॅडिलॅक हॉटेलमध्येही डोकावलो. डिसेंबर १९२४ मध्ये उघडलं तेव्हा जगातलं सर्वांत उंच हॉटेल, अकराशेवर खोल्या. भर दारूबंदीत एवढं हॉटेल, आणि बार नाही. (अशा हॉटेलांत सामान उचलणाऱ्या पोऱ्याकडे चौकशी केली की काम होत असे, अशा गोष्टी अमेरिकेतल्या सगळ्याच शहरांत सांगतात.) १९८४ साली ते बंद पडलं, चोवीस वर्षं खिडक्या फुटलेल्या अवस्थेत उभं होतं, २००८ मध्ये पुन्हा उघडलं. आता आत झकास बार आहे. मी इथे नवा आलो तेव्हा ते भुतासारखं दिसायचं.

एक इमारत मात्र दाखवता आली नाही, कारण ती १९९६ साली पाडली. वुडवर्ड रस्त्यावरचं लासाल हॉटेल. २२ जुलै १९३० रोजी शहराने आपला महापौर चार्ल्स बोल्स याला मतदान करून घरी पाठवला. त्याच्या राजवटीत गुन्हेगारांचं फावतंय, अशी लोकांची तक्रार होती. जेरी बकली नावाचा रेडिओवरचा निवेदक त्याच्याविरुद्ध रोज बोलायचा. निकाल लागला, त्याच रात्री म्हणजे २३ जुलैला पहाटेआधी, तीन माणसांनी लासालच्या लॉबीत शिरून बकलीला गोळ्या घातल्या. खटला झाला. कुणालाही शिक्षा झाली नाही.

त्या २३ जुलैकडे परत येतो.

दुपारी जेवायला बसलो ते एका जुन्या बारमध्ये. भिंतीवर फ्रेम करून लावलं होतं की दारूबंदीत इथे चोरटा अड्डा होता आणि तळघरातून नदीपर्यंत भुयार होतं. डेट्रॉइटमधला प्रत्येक जुना बार असंच सांगतो. सगळी भुयारं खरी मानली तर शहर एव्हाना खचायला हवं होतं. पर्पल गँगचं नावही भिंतीवर होतंच. हेस्टिंग्ज रस्त्याच्या ज्यू वस्तीत वाढलेली ही पोरं दुसऱ्यांनी आणलेली दारू वाटेत लुटायची. १६ सप्टेंबर १९३१ रोजी कॉलिंगवुड मॅनर नावाच्या अपार्टमेंटमध्ये त्यांनी आपल्याच धंद्यातल्या तिघांना बोलावून मारलं. आता त्यांच्या नावाचे टी-शर्ट मिळतात.

मामा फ्रेमकडे बघत म्हणाले, "हे सगळं ठीक आहे रे. हॉटेलं दाखवलीस, बँक दाखवलीस, गुंड पण झाले. धाड कुठं पडायची ते दाखव की."

"म्हणजे?"

"अरे, बत्तीस वर्षं मी कागद रंगवले. क्लबात पिणारे वेगळे नि कागदात नाव येणारे वेगळे. आमच्या पंचनाम्यात कधी संगमरवरी फरशी आलेली मला आठवत नाही. पत्र्याची खोली, मागं ओढा, दोन कॅन. इथं काय निराळं असणार?"

मी गप्प झालो. इतकी वर्षं मी पाहुण्यांना जे दाखवत होतो त्यात धाडीची जागा एकही नव्हती. मामांचं बरोबर होतं. मिशिगनने १९२७ साली एक कायदा केला, चौथ्यांदा गुन्हा सापडला तर जन्मठेप. १९२८च्या डिसेंबरात लॅन्सिंगमधल्या एटा मे मिलर नावाच्या बाईला या कायद्याखाली जन्मठेप झाली. दहा मुलांची आई. गुन्हा काय, तर जिनच्या दोन छोट्या बाटल्या विकल्या, आणि त्याही वेष बदललेल्या पोलिसाला. देशभर बोंब झाली, कायदा बदलला, तिची शिक्षा कमी झाली. तिकडे फिशर बिल्डिंगमध्ये त्याच वर्षी चाळीस प्रकारचा संगमरवर बसला होता.

दुकानाच्या मागच्या खोलीत, घराच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या अशा चोरट्या गुत्त्याला इथे 'ब्लाइंड पिग' म्हणतात. आंधळं डुक्कर! दारूबंदीच्याही आधीचा शब्द आहे. गुत्तेवाला म्हणे एखादं अजब जनावर बघायचे पैसे घ्यायचा आणि वर पेला 'फुकट' द्यायचा, म्हणजे दारू विकली असं होत नाही. डेट्रॉइटमध्ये असे गुत्ते हजारोंनी होते. १९३३ नंतर ते संपायला हवे होते, पण संपले नाहीत. काळ्या लोकांना गोऱ्यांच्या अनेक बारमध्ये प्रवेश नसे. त्यांची स्वतःची वस्ती, ब्लॅक बॉटम आणि पॅरडाइज व्हॅली, तिथले क्लब, तो हेस्टिंग्ज रस्ता, हे सगळं पन्नास-साठच्या दशकांत महामार्गासाठी आणि 'नवनिर्माणा'साठी सपाट झालं. तिथून हललेल्या माणसांपैकी बरीच बाराव्या रस्त्याच्या आसपास दाटीवाटीने राहायला गेली. रात्री दोनला बार बंद झाले की जायला जागा उरली ती एखाद्या ब्लाइंड पिगचीच.

२३ जुलै १९६७, रविवार. बकलीला मारलं त्याला बरोबर सदतीस वर्षं झाली होती. पहाटे चारच्या सुमारास पोलिसांनी बाराव्या रस्त्यावर, क्लेअरमाउंटच्या कोपऱ्याजवळ, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या गुत्त्यावर धाड घातली. आत वीस-पंचवीस माणसं असतील असा त्यांचा हिशेब होता. निघाली ऐंशीहून जास्त. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी पार्टी चालू होती. सगळ्यांना अटक करायचं ठरलं, गाड्या येईपर्यंत वेळ गेला, खाली गर्दी जमली, कुणीतरी बाटली फेकली. पुढचे पाच दिवस शहर जळत होतं. ४३ माणसं मेली, त्यांतली ३३ काळी. सात हजारांवर अटका झाल्या. सैन्य आणावं लागलं. आजही इथले काही लोक त्याला दंगल म्हणतात आणि काही बंड. तुम्ही कुठला शब्द वापरता त्यावरून समोरचा तुमची परीक्षा करतो.

अर्थात एका गुत्त्यामुळे शहर जळलं नाही. पोलिसांची वागणूक, घरं, नोकऱ्या, वर्षानुवर्षांचं साचलेलं होतं. पण ठिणगी पडली ती दारूच्या धाडीने, दारूबंदी उठून चौतीस वर्षं झाल्यावर. ज्या शब्दाखाली विसाच्या दशकात पोलीस जिने चढत होते त्याच शब्दाखाली ते तेव्हाही चढले.

जेवण झाल्यावर तिकडे गेलो. मीही प्रथमच जात होतो. बाराव्या रस्त्याला १९७६ पासून रोझा पार्क्स बुलेव्हार्ड म्हणतात. तो छापखाना, तो मजला, काही नाही. छोटी बाग आहे, गॉर्डन पार्क, आणि २०१७ साली, पन्नास वर्षं झाली तेव्हा, राज्याने लावलेला इतिहासाचा फलक. कॉलिंगवुड मॅनरचा पत्ता तिथून मैलभराच्या आत येतो, तोही त्याच दिवशी माझ्या लक्षात आला. पाच मिनिटांत जाता येतं. एवढी वर्षं मी पर्पल गँगची गोष्ट डाउनटाउनमध्ये बसून सांगत होतो.

मामांना इंग्रजी येतं, तरी त्यांनी फलक मला मोठ्याने वाचायला लावला, दोनदा. तारीख ऐकली, वेळ ऐकली. मग त्यांनी विचारलं, आत शिरायला जिना किती होते. एकच असणार, मी म्हणालो, वरचा मजला होता ना.

"एक जिना आणि ऐंशी माणसं," ते म्हणाले. "आणि रविवारी पहाटे. आमच्या साहेबांनी सुद्धा नसती घातली."

फलकाचा फोटो त्यांनी आपल्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर टाकला. येताना मामींसाठी स्ट्रोजचं आइस्क्रीम घेतलं. स्ट्रोज ही इथली बिअर कंपनी दारूबंदीत आइस्क्रीम विकून तगली. बिअरचा कारखाना १९८५ला बंद होऊन पाडलासुद्धा, आइस्क्रीम अजून चालू आहे. घरी पोचेपर्यंत ग्रुपवर सतरा उत्तरं आली होती. पहिलं होतं, 'माल किती लिटर जप्त?'